व्हिपल ऑपरेशन आहे, "इथे वर्षाला किती होतात" हे विचारणं खरंच एवढं महत्त्वाचं असतं का?

गोदाकाठ

नमस्कार. घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ६४, जालना जिल्ह्यात गावी असतात, शेती करतात. दीड महिन्यापूर्वी डोळे पिवळे दिसायला लागले आणि अंगाला खाज इतकी की रात्रभर बसून काढायचे. गावात आधी काविळीचं झाडपाल्याचं औषध झालं, त्यात पंधरा दिवस गेले, मग सोनोग्राफी, मग सीटी, मग दुर्बिणीतून तुकडा काढून तपासला. पित्ताची नळी जिथे आतड्यात उघडते तिथे गाठ आहे, कॅन्सरची, पण पसरलेली नाही, काढता येण्यासारखी आहे असं सांगितलंय. नळी उघडी राहावी म्हणून तिच्यात स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकलाय, बिलिरुबिन (कावीळ किती ते सांगणारा रक्तातला आकडा) १८ होतं ते ९ वर आलंय, खाज कमी आहे, दोन घास जास्त जेवतात.

ऑपरेशनचं नाव व्हिपल. स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय हे सगळं काढायचं आणि मग तीन ठिकाणी परत जोडायचं. सहा-सात तास लागतात म्हणाले.

जिथे तपासण्या झाल्या तिथल्या सर्जननी सांगितलं की आपण इथेच करू, पुढच्या गुरुवारी घेऊ. माणूस खरंच चांगला आहे, दादाचं हर्नियाचं त्यांनीच केलं होतं, फोन उचलतात, अण्णांशी शेतीवर बोलतात. पण माझी नणंद एका औषध कंपनीत आहे, ती म्हणाली की वहिनी त्यांना फक्त एवढंच विचार, वर्षाला किती व्हिपल करता. मला ते विचारायचा धीर होत नाहीये. तोंडावर असं विचारणं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. दादाचं म्हणणं की मोठ्या हॉस्पिटलात आपण गर्दीतले एक होऊन जातो, कुणी ढुंकून बघत नाही, इथे निदान ओळखीचे आहेत. काका म्हणतात मुंबईला न्यायचं तर राहायचं कुठे, आईला कोण बघणार, आणि सोयाबीन काढणीला आलंय ते वेगळंच.

तर प्रश्न एवढाच आहे की जास्त ऑपरेशनं होतात तिथे पेशंट जास्त सुरक्षित असतो ह्याला खरोखर काही आधार आहे, का ही मोठ्या हॉस्पिटलांची जाहिरात आहे? गुरुवारपर्यंत ठरवायचंय.


भूलतज्ज्ञ_सातारा

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे, वीसेक वर्षं ऑपरेशनच्या टेबलाच्या डोक्याच्या बाजूला बसून बघतोय. थोडं लांब लिहितो, वेळ काढून वाचा.

आधार आहे, आणि चांगला जुना आहे. १९७९ साली अमेरिकेत लुफ्ट, बंकर आणि एन्थोव्हेन ह्या तिघांनी १४९८ हॉस्पिटलांमधल्या १२ प्रकारच्या ऑपरेशनांचा हिशोब मांडला. हृदयाची, रक्तवाहिन्यांची अशी काही ऑपरेशनं जिथे वर्षाला २०० च्या वर व्हायची तिथे मृत्यू २५ ते ४१ टक्क्यांनी कमी निघाले. त्यानंतर २००२ मध्ये बर्कमायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेडिकेअरच्या, म्हणजे तिथल्या पासष्टीपुढच्या लोकांच्या सरकारी विम्याच्या, २५ लाख केसेस बघितल्या, १४ प्रकारची ऑपरेशनं. त्यातलं तुमच्या कामाचं सांगतो. स्वादुपिंडाच्या ऑपरेशनात, जिथे वर्षाला एखादंही जेमतेम व्हायचं त्या हॉस्पिटलांत १०० तले १६ पेशंट दगावले, आणि जिथे वर्षाला १६ च्या वर व्हायची तिथे १०० तले ४ सुद्धा नाही, ३.८. पेशंटचं वय, बाकीचे आजार वगैरेचा फरक हिशोबात धरून मग हे आकडे आहेत. म्हणजे ह्या ऑपरेशनाला "भरपूर" म्हणायला शेकडो लागत नाहीत, महिन्याला एक-दोन नेमाने होणं हेच भरपूर. पण ते एक-दोन सुद्धा आपल्याकडच्या बहुतेक हॉस्पिटलांत होत नाहीत, कारण आजारच तेवढा दुर्मिळ आहे आणि त्यातही ऑपरेशन होण्यासारखे पेशंट थोडे.

त्याच अभ्यासात मानेतल्या रक्तवाहिनीच्या ऑपरेशनाचा आकडा बघा, कमी करणारे १.७ आणि जास्त करणारे १.५. फरक नाहीच म्हणा ना. म्हणून सरसकट "मोठं हॉस्पिटल म्हणजे सुरक्षित" असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका, प्रत्येक ऑपरेशनाचं गणित वेगळं असतं. व्हिपल आणि अन्ननलिका ही दोन अशी आहेत की तिथे फरक डोळ्यात भरण्याइतका आहे.

आणि तुम्ही विचारायला लाजताय त्याबद्दल. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं व्हायची, अगदी तान्ह्या बाळांची थोडीच व्हायची. तिथे १९८८ साली स्टीफन बोल्सिन नावाचा भूलतज्ज्ञ आला, त्याला दिसलं की टेबलावर वेळ जास्त लागतोय, बाळं जास्त जातायत, त्याने नोंदी ठेवल्या, वरच्यांना सांगितलं, कुणी मनावर घेतलं नाही, शेवटी त्याला देश सोडून ऑस्ट्रेलियाला जावं लागलं. २००१ ला चौकशीचा अहवाल आला त्यात म्हटलंय की १९९१ ते ९५ ह्या काळात एक वर्षाच्या आतली ३० ते ३५ बाळं इतर ठिकाणच्या मानाने जास्त गेली. तिथले सर्जन काही वाईट माणसं नव्हते, आणि आईबापांनी विश्वासच ठेवला होता. आकडे तिथे होते, पण ते आईबापांपर्यंत जवळजवळ पोचलेच नाहीत. त्यामुळे विचारा. चांगल्या डॉक्टरला ह्या प्रश्नाचा राग येत नाही.


गोदाकाठ

डॉक्टर, खूप आभार. १६ आणि ४, हा आकडा मी दादाला वाचून दाखवला, तो गप्प झाला. पण त्याने एक विचारलंय ते बरोबर वाटलं. तो म्हणतो आपले सर्जन पुण्याला शिकलेत, हात चांगला आहे, मग हॉस्पिटलात किती होतात ह्याच्याशी काय देणंघेणं, ऑपरेशन तर माणूस करतो ना?


सुनंदा_रात्रपाळी

गोदाकाठ ताई, ह्याचं उत्तर मी देते, कारण ते मी रात्री जागून बघितलंय. मी पुण्यात आयसीयूला सिस्टर आहे, पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांचे पेशंट आमच्याकडे येतात.

व्हिपल टेबलावर बिघडतं असं फार कमी वेळा होतं. बिघडतं ते नंतर, तिसऱ्या दिवसापासून दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत. स्वादुपिंड लोण्यासारखं मऊ असतं, त्याला घातलेला टाका धरतो की नाही ते सांगता येत नाही, आणि त्यातून जो रस गळतो तो अन्न पचवणारा रस आहे, तो आजूबाजूचं मांस पण पचवतो, रक्तवाहिनीसुद्धा. म्हणून पोटात ड्रेनची नळी ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी त्यातलं पाणी अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एक पाचक द्रव्य, किती आहे ते तपासायला पाठवतात, ते रक्तातल्या नॉर्मलच्या तिपटीच्या वर आलं की समजायचं गळतंय, आता नजर ठेवा.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते, नाव-गाव नाही सांगत. एक आजोबा, सातवा दिवस, सगळं छान, संध्याकाळी नातीशी व्हिडिओ कॉल झाला, उद्या वॉर्डात हलवायचं ठरलेलं. रात्री पावणेतीनला मी पिशवी रिकामी करायला गेले तर तळाला ताजं लाल रक्त. दोन चमचे असेल, जास्त नाही. बीपी नॉर्मल, नाडी नॉर्मल, आजोबा म्हणतात सिस्टर मला पाणी द्या. आता जिने असे पेशंट बघितले नाहीत ती म्हणेल ऑपरेशन झालंय, थोडं रक्त येतंच, सकाळी राउंडला सांगू. मी पण नवीन असताना तसंच म्हणाले असते. पण आमच्या युनिटमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात की व्हिपलच्या ड्रेनमध्ये उशिरा आलेलं चमचाभर रक्त ही मोठ्या रक्तस्रावाची आधीची खूण असते, मोठा यायच्या आधी काही तास ती हळूच दिसते. मी त्याच मिनिटाला फोन लावला. सव्वातीनला सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, झाला, रक्तवाहिनीला फुगा आलेला दिसला, रेडिओलॉजीवाले डॉक्टर आले आणि मांडीतून तार घालून ती वाहिनी बंद केली, पोट उघडावंच लागलं नाही. साडेपाचला आजोबा परत माझ्या बेडवर होते.

ह्यात सर्जनचा हात कुठे आला सांगा. सर्जन तेव्हा घरी होते, फोनवर होते. माझी नजर, सीटीचा टेक्निशियन रात्री हजर असणं, तो तारवाला डॉक्टर अर्ध्या तासात येणं, रक्तपेढीने बाटल्या लगेच देणं, आणि ह्यातलं प्रत्येकाने हे आधी दहा वेळा केलेलं असणं. वर्षात एक व्हिपल होतं तिथे ही सवय लागणार कुणाला? त्यांची चूक नाही हो, पण लागणार कशी?


भूलतज्ज्ञ_सातारा

सिस्टरनी जे सांगितलं त्याला शास्त्राच्या भाषेत "फेल्युअर टू रेस्क्यू" म्हणतात, म्हणजे गुंतागुंत झाल्यावर पेशंटला त्यातून बाहेर काढता न येणं. २००९ मध्ये मिशिगनच्या घाफेरी आणि मंडळींनी ह्यावर एक मोठा अभ्यास छापला. सगळ्यात कमी मृत्यू असलेली हॉस्पिटलं आणि सगळ्यात जास्त मृत्यू असलेली हॉस्पिटलं समोरासमोर ठेवली. गुंतागुंत दोन्हीकडे जवळजवळ सारखीच निघाली, कमी मृत्यूच्या ठिकाणी २६.९ टक्के, जास्त मृत्यूच्या ठिकाणी २४.६. पण मोठी गुंतागुंत झाल्यावर पेशंट जाण्याचं प्रमाण चांगल्या ठिकाणी १२.५ टक्के आणि दुसरीकडे २१.४. म्हणजे चूक किंवा बिघाड सगळीकडे होतो, फरक पडतो तो नंतर किती लवकर ओळखलं आणि काय केलं ह्याने.

पण तुमच्या दादाचा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही हेही सांगायला हवं. बर्कमायरनेच २००३ मध्ये सर्जनचा वाटा वेगळा काढून बघितला. स्वादुपिंडात फरकाचा साधारण निम्मा भाग सर्जन स्वतः किती करतो ह्याने येतो, फुफ्फुसाच्या ऑपरेशनात जेमतेम पाव. तेव्हा दोन्ही विचारायचं, तुम्ही किती करता आणि इथे किती होतात.


कृष्णाकाठ_७४

मला लिहायचं नव्हतं पण ताईंचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्यांचं अन्ननलिकेचं ऑपरेशन झालं, आमच्याकडच्या एका हॉस्पिटलात, नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. नवीन इमारत, लिफ्ट, एसी रूम, सगळं होतं. ऑपरेशन चांगलं झालं म्हणून पेढे वाटले आम्ही. चौथ्या दिवशी ताप, छाती दुखते म्हणाले, तर गॅस आहे म्हणून इंजेक्शन दिलं. पाचव्या दिवशी श्वास वाढला. शनिवार होता, सीटीचा माणूस सोमवारी येणार होता. आम्ही विचारत राहिलो, ते सांगत राहिले की होतं असं. सोमवारी कळलं की जोड सुटलाय आणि छातीत पू झालाय. मग पुण्याला हलवा. ॲम्ब्युलन्समध्ये मी त्यांच्या पायाशी बसलो होतो, ऑक्सिजनचा आवाज अजून कानात आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी खूप केलं पण अकराव्या दिवशी गेले. बहीण तेव्हा ४१ वर्षांची होती.

नंतर कधीतरी तिथल्याच एका जुन्या कर्मचाऱ्याकडून कळलं की अन्ननलिकेचं ते त्यांच्याकडचं दुसरं ऑपरेशन होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. संमतीच्या फॉर्मवर सह्या केल्या मी स्वतः, चार ठिकाणी. त्यात भुलीचा धोका होता, रक्तस्रावाचा होता, हे नव्हतं. मला राग डॉक्टरवर तेवढा नाही जेवढा ह्याचा आहे की प्रश्न एका वाक्याचा होता.

ताई, विचारा. वाईट वाटलं तर वाटू द्या.


जनआरोग्य_वाचक

कृष्णाकाठ, वाचून गलबलून आलं. तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा.

वरचं सगळं मान्य करून एक दुसरी बाजू मांडतो कारण नुसत्या आकड्याच्या मागे लागलं की काय होतं तेही आपल्याच देशात घडलंय. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ ८ नोव्हेंबर २०१४ ला नसबंदी शिबीर झालं. बंद पडलेल्या एका हॉस्पिटलच्या इमारतीत, एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली. सरकारचाच नियम होता की एका टीमने दिवसाला ३० च्या वर करायची नाहीत. त्या भागातल्या शिबिरांत मिळून १३ बायका गेल्या, बहुतेक तरुण, लहान लेकरांच्या आया. त्या सर्जनचा अनुभव कमी नव्हता हो, त्याने आयुष्यात हजारो केली होती आणि त्याआधी राज्य सरकारकडून त्याचा सत्कारही झाला होता. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं.

आता ह्याच्या शेजारी मदुराईचं अरविंद हॉस्पिटल ठेवा. डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ ला ११ खाटांवर सुरू केलं, आज अरविंदच्या सगळ्या हॉस्पिटलांत मिळून मोतीबिंदूची ऑपरेशनं वर्षाला लाखांच्या घरात होतात, तिथेही एकापाठोपाठ एक टेबल चालतं. मग फरक कशात? अरविंदमध्ये प्रत्येक पायरी ठरलेली, अवजारं प्रत्येक पेशंटला निर्जंतुक केलेली, मदत करणाऱ्या मुली त्याच एका कामात वर्षानुवर्षं तयार झालेल्या, आणि कुणाला जंतुसंसर्ग झाला की तो नोंदवून कारण शोधायचंच. बिलासपूरला टार्गेट होतं, यंत्रणा नव्हती.

म्हणून ताई, "आमच्याकडे महिन्याला ५०० ऑपरेशनं होतात" असं कुणी सांगितलं तर त्यातली व्हिपल किती ते विचारा, आणि व्हिपलचा आकडा सांगितला तर त्यातले किती घरी गेले ते विचारा. मोतीबिंदू आणि डिलिव्हऱ्या धरून कुणाचाही आकडा मोठा होतो.


गोदाकाठ

काल रात्री हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली आता उगाच दहा ठिकाणी फिरवू नका त्यांना, एकच ठरवा. तिचंही खरं आहे. अजून एक विचारते, उशीर झाला तर गाठ वाढेल ना? गुरुवार सोडला आणि मुंबईला तारीख महिन्याने मिळाली तर? ही भीती सगळ्यात जास्त आहे.


तालुक्याचा_सर्जन

ताई, मी छोट्या गावातला सर्जन आहे, १८ वर्षं स्वतःचं १५ खाटांचं हॉस्पिटल चालवतो. आधी तुमच्या भीतीचं बोलतो. हे ऑपरेशन आजच्या आज करायचं नसतं. स्टेंट टाकलाय, कावीळ उतरतेय, दोन-तीन आठवडे दुसरं मत घेण्यात गेले तर सहसा बिघडत नाही, उलट तेवढ्यात खाणं सुधारलं, थोडं चालणं-फिरणं झालं तर फायदाच. तीन-चार महिने मात्र घालवू नका. आणि एक लक्षात ठेवा, थंडी वाजून ताप आला आणि डोळे परत पिवळे व्हायला लागले तर स्टेंट तुंबलाय असं समजून त्याच दिवशी, रात्री असेल तर रात्रीच, जवळच्या हॉस्पिटलात जायचं, तेव्हा मुंबईची वाट बघायची नाही.

आता माझ्यासारख्यांची बाजू, कारण असा धागा वाचून लोक अपेंडिक्सलाही पुण्या-मुंबईला पळायला लागतात आणि वाटेत फुटतं. १९७९ च्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख झाला त्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनात संख्येचा आणि मृत्यूचा काही संबंध निघाला नव्हता. खुब्याच्या सांध्यात निघाला पण थोड्या संख्येतच फायदा सपाट झाला, पुढे वाढवून काही मिळत नाही. पित्ताशय, हर्निया, अपेंडिक्स, सिझेरियन ही आम्ही आठवड्याला करतो, आमचा हात आणि आमच्या सिस्टरांचा हात त्यावर बसलेला आहे. अडकलेला हर्निया घेऊन चार तास गाडीत बसण्यापेक्षा जवळ केलेलं चांगलं. जवळ असणं ही सुद्धा सुरक्षितताच आहे.

पण व्हिपल मी करत नाही. शिकताना मदतनीस म्हणून उभा राहिलोय, पोट उघडून काढून जोडायला मला कदाचित जमेलही. करत नाही कारण सातव्या रात्री पावणेतीनला माझ्याकडे सुनंदा सिस्टर नाहीत. मी पाठवलेले पेशंट ऑपरेशन होऊन परत माझ्याकडेच येतात, टाके मी काढतो, शुगर मी बघतो कारण स्वादुपिंड कापलं की ती वाढू शकते, जेवणासोबत घ्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल कशा घ्यायच्या ते मी समजावतो. तेव्हा तुमच्या डॉक्टरांशी संबंध तोडायचा नाहीये, मोठं ऑपरेशन तिकडे आणि पुढची सगळी काळजी इकडे असं होऊ शकतं, तसं त्यांनाच बोलून दाखवा.

जर्मनीत तर २००४ पासून कायद्यानेच किमान संख्या ठरवलेली आहे, तेवढी होत नसतील तर ते ऑपरेशन करायचं नाही, विमा पैसे देत नाही. हॉलंडमध्येही स्वादुपिंडाला वर्षाच्या किमान संख्येचा दंडक आहे. आपल्याकडे असा नियम नाही. म्हणून ते काम पेशंटच्या मुलीला करावं लागतंय, ह्याचं मला डॉक्टर म्हणून वाईट वाटतं.


सुनंदा_रात्रपाळी

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आहेत, योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा आणि हे ऑपरेशन ह्या हॉस्पिटलात योजनेतून होतं का ते पक्कं विचारा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये पोटाच्या आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी वेगळं युनिट आहे, गर्दी असते, रांगेत थांबावं लागतं, पण तिथे आसपास राहायला धर्मशाळा आहेत, सोशल वर्करला भेटलं की सांगतात. आणि गावाकडून निघताना सीटीची सीडी, बायोप्सीचा रिपोर्ट आणि शक्यतो बायोप्सीचे ब्लॉक (तपासलेला तुकडा मेणात जपून ठेवतात ते) सोबत घ्या, नाहीतर परत फेऱ्या. कागदपत्रं मागायचा हक्क आहे तुमचा, अर्ज दिल्यापासून ७२ तासांत द्यायला लागतात.


गोदाकाठ

विचारलं. आज सकाळी मी आणि दादा दोघं गेलो होतो. जाताना गाडीत वाक्य पाठ करत होते, तिथे गेल्यावर दुसरंच बोलले. म्हटलं, डॉक्टर तुमच्यावर विश्वास आहे म्हणूनच विचारतेय, व्हिपल तुम्ही आत्तापर्यंत किती केलीत आणि इथे किती झालीत?

ते जरा थांबले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले शिकताना सरांबरोबर पंचवीसेक, स्वतंत्रपणे सहा, ह्या हॉस्पिटलात दोन. दोन्ही घरी गेले. मग दादाने विचारलं, रात्री रक्त आलं तर तार घालून बंद करणारे डॉक्टर इथे आहेत का? ते म्हणाले इथे नाहीत, संभाजीनगरहून बोलवावे लागतात, दीड-दोन तास धरा. दादाने माझ्याकडे बघितलं. त्याला हा प्रश्न मी नव्हता सांगितला, त्याने हा धागा रात्री स्वतः वाचला होता.

राग वगैरे काही आला नाही त्यांना. उलट म्हणाले की बरं झालं विचारलंत, मला इथे हे सुरू करायचं आहे म्हणून मी करू म्हणालो, पण तुमच्या मनात असेल तर माझ्या सरांच्या युनिटला मुंबईत चिठ्ठी देतो, तिथे आठवड्याला दोन-तीन होतात. तिथल्या तिथे फोन लावला. परत आल्यावर पुढचं सगळं मी बघेन म्हणाले. चिठ्ठी लिहिताना त्यांचा हात बघत होते मी, इतकं सुवाच्य अक्षर डॉक्टरचं पहिल्यांदा बघितलं. बाहेर आल्यावर मला रडू आलं, का ते नाही सांगता येत.


कृष्णाकाठ_७४

दादाला माझा रामराम सांगा. बरोबर प्रश्न विचारला त्याने.


तालुक्याचा_सर्जन

ते डॉक्टर चांगले आहेत ताई. परत आल्यावर त्यांच्याकडेच दाखवा.


गोदाकाठ

दहा दिवसांनी लिहितेय. तिथे परत सीटी झाली, योजनेत बसलं, तारीख १६ तारखेची मिळाली. मी दोन्ही प्रश्न तिथेही विचारले, आता जीभ अडखळत नाही. त्यांनी गेल्या वर्षीचे आकडे सांगितले, किती झाली, किती जणांचं गळलं, किती जण गेले, ते पण सांगितलं. आई डोंबिवलीला मावशीकडे, दादा सोयाबीन उरकून रविवारी येतोय, काका गावाकडचं बघतायत. बिलिरुबिन ३ वर आलंय. अण्णा रोज सकाळी मजल्यावरच्या मजल्यावर वीस फेऱ्या मारतात आणि श्वास आत ओढायचं ते तीन गोळ्यांचं यंत्र ओढतात, काल पहिल्यांदा तिन्ही गोळ्या वर गेल्या तर मला बोलावून दाखवलं.

सुनंदा सिस्टर, एक विचारायचं होतं. वॉर्डात आल्यावर रात्री मीच असणार आहे त्यांच्यापाशी. ड्रेनच्या पिशवीकडे मी बघितलेलं चालेल का, आणि नेमकं काय बघायचं?


सुनंदा_रात्रपाळी

चालेल काय, बघाच. एक वही ठेवा, वेळ लिहा आणि रंग लिहा. सुरुवातीला फिकट लालसर असतं ते दिवसागणिक फिकं होत पाण्यासारखं पिवळसर व्हायला हवं. दुधाळ, राखाडी, हिरवट झालं किंवा फिकं झाल्यानंतर परत लाल दिसलं तर कितीही थोडं असू दे, सिस्टरला उठवा, झोपेत असली तरी उठवा. पिशवीला हात लावू नका, नळीवर अण्णा झोपत नाहीत ना तेवढं बघा. ताप, थंडी, पोट फुगणं, नाडी वाढणं, आणि "मला कसंतरी होतंय" असं अण्णा म्हणाले तर ते पण सांगा, पेशंटला आधी कळतं. १६ ला माझी रात्रपाळी आहे, मेसेज टाका.